लेझमीभोवतीची दोरी: सोलापूरच्या उत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील सार्वजनिक गणेशोत्सव, नवरात्र आणि जयंती उत्सव मंडळांचे अध्यक्ष, मिरवणूक प्रमुख व लेझीम प्रमुख

विषय: मिरवणुकीतली लेझीम, तिचे मूळ आणि तिच्यात लोकांना सामील करून घेणे

सप्रेम नमस्कार,

मंडळांच्या बैठकांत लेझमीचा विषय बहुधा शेवटी निघतो आणि त्यात चर्चा होते ती टी-शर्ट किती, फेटे कोणत्या रंगाचे आणि गाणी कुठली याची. डाव कोणते, हलगी कोणाची, सराव कधीपासून, हे कोणी विचारत नाही. यंदाच्या बैठका बसण्याआधी हे पत्र लिहीत आहोत. आम्ही लेझीम शिकवणारे आहोत. कोणा एका मंडळाचे नाही.

दोन गोष्टी आता सगळीकडे दिसतात. पथकाच्या चारही बाजूंनी कार्यकर्ते दोरी धरून चालतात आणि बाहेरचा माणूस आत येणार नाही याची काळजी घेतात. आणि ट्रॅक्टरवरचा निवेदक ‘शिवकालीन युद्धनृत्य’ म्हणून पथकाची ओळख करून देतो. दोन्हींचे मूळ एकच समजूत आहे, की लेझीम ही दाखवायची वस्तू आहे. तिचा उगम नीट पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

लेझीम आधी मेहनत होती, नाच नंतर झाली. तिरंदाजाचे खांदे, पाठ आणि मनगट तयार करायला सरावाचे एक धनुष्य असे, त्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेली. ते ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे. नाव फारसीतून आलेले आहे आणि इराणच्या जोरखान्यात, म्हणजे तिथल्या पारंपरिक तालमीत, याच जातीचे ‘कबादे’ आजही चालते: लोखंडी धनुष्य डोक्यावर आडवे धरून दोन्ही हातांनी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. तिथे मुर्शिद, म्हणजे मेहनत चालवणारा गुरू, उंच ओट्यावर बसून ढोल वाजवतो आणि सगळ्यांची मेहनत त्या ढोलाच्या ठेक्यावर चालते. आपल्याकडची घोरलेझीम त्याचीच नातलग. साधारण पाच-सहा फुटांचा बांबू वाकवायचा आणि त्याला जाड साखळी अडकवायची. बंदुका आल्यावर धनुष्य लढाईतून गेले, पण मेहनत तालमीत राहिली, जोर, बैठका, मुद्गल यांच्या पंगतीत. पुढे दीड फुटाच्या आतबाहेर लाकडी दांडा आणि चकत्या ओवलेली साखळी अशी हातलेझीम रूढ झाली. ती आली म्हणूनच शंभर जण एका वेळी, रस्त्याने चालत, हे करू शकले.

विसाव्या शतकात व्यायामशाळांनी तिला कवायतीची शिस्त लावली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) हे त्यातले मोठे नाव. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तिथे केली होती. पण हे एकच मूळ धरले तर हिशेब अर्धाच होतो. दुसरे मूळ गावच्या जत्रेत आहे. पालखीपुढे, छबिन्यापुढे, मोहरमच्या ताबूतापुढे हलगी वाजायची आणि तालमीतली पोरे तालमीतलीच लेझीम घेऊन तिच्यामागे उतरायची. तालमीने हालचाल दिली आणि हलगीने चाल. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको: १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात माळशिरस तालुक्यातल्या निमगावचे सुमारे ४०० जण लेझीम खेळले.

तेव्हा निवेदकाच्या कागदावर शिवकाळ घालायची गरज नाही. पुरावा मागितला तर तो कोणी काढून देत नाही, आणि तालमीचा खरा वारसा असताना उसना कशाला घ्यायचा? त्या जागी हलगीवाल्यांची नावे वाचा. हे आम्ही मनापासून म्हणतो. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाने सांभाळली. लेझीम पथकाची नावे फलकावर येतात आणि ज्यांच्या कांडीवर शंभर पावले पडतात त्यांना कोपऱ्यात पाकीट मिळते. तेही मिरवणूक संपल्यावर, घासाघीस करून.

तालमीचा शिक्का आजही डावांच्या नावांवर आहे. हुशार, पवित्रा, चार आवाज, एक जगह, आदि लगाव, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग, मोर चाल: ही उस्तादांची भाषा आहे. सोलापुरात घरात तेलुगू बोलत असोत, कन्नड, उर्दू की मराठी, ‘आगे फलांग’ म्हटले की पूर्व भागातली पोरेही पाऊल टाकतात आणि बाळी वेशीतलीही. अलीकडे काही पथकांनी डावांना नवी भारदस्त नावे दिली आहेत. द्यायची तर द्या, पण मग शेजारच्या पथकातला मुलगा तुमच्यात येऊन खेळू शकत नाही, एवढे लक्षात ठेवा.

आता ‘चार आवाज’ हा डाव जवळून पाहू, कारण सगळे त्याच्यावर उभे आहे. डाव्या मुठीत दांडा मधोमध, उजव्या मुठीत साखळीची लोखंडी मूठ. पवित्र्यात उभे राहायचे, पाय खांद्याइतके फाकलेले. एकला कमरेतून वाकून लेझीम डाव्या पावलापाशी न्यायची आणि साखळी झटक्यात उघडायची. दोनला सरळ होऊन छातीसमोर दुसरा आवाज. तीनला दांडा बाहेरच्या अंगाने फिरवून तिसरा, चारला डावा हात खाली घेऊन लेझीम कमरेशी आणत चौथा. तीन-चारची वळणे शिकवणाऱ्यागणिक थोडी बदलतात, त्यात भांडण नको. न बदलणारी गोष्ट ही की आवाज साखळी ताणली जाताना येतो, आणि ताण कोपरातून यायला हवा. नवा माणूस मनगट हलवतो; मग चकत्या नुसत्या खुळखुळतात, एक स्वच्छ ठोका मिळत नाही आणि पंधरा मिनिटांत मनगट भरून येते. दुसरी चूक एकला न वाकण्याची. गुडघे किंचित सैल ठेवून कमरेतून वाकले तर पाठीची मेहनत होते. गुडघे ताठ ठेवून नुसती मान झुकवली तर दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

हा डाव कोणालाही अर्ध्या तासात जमतो. पुढचे सगळे डाव याच्याच चार ठोक्यांवर किंवा त्यांच्या पटीवर बसवलेले आहेत आणि जुन्या रिवाजात प्रत्येक डाव संपला की पथक काही आवर्तने पुन्हा चार आवाजावर येते. दम घ्यायला ते लागतेच, पण कडेला उभ्या माणसासाठी तेच दार आहे. तिथे तो आत येतो, चार आवाज धरतो, अवघड डाव लागला की जागेवर ठेका धरून उभा राहतो, परत चार आवाज आला की परत सामील. दोन तासांची मिरवणूक कोणी शिकवल्याशिवाय माणूस तयार करते. तुमच्या सध्याच्या कार्यक्रमात एका गाण्याला एक बसवलेला नाच असतो, दुसऱ्याला दुसरा, मधे परतीची जागाच नाही. दोरी नंतर आली. दार त्याआधीच बंद झाले होते.

डीजेबद्दल आवाजाच्या अंगाने बरेच लिहून झाले आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि ती कोण पाळते हे आपण सगळे ऐकतो. आमचा मुद्दा गतीचा आहे. लेझीम मिनिटाला ८० ते ९० ठोक्यांवर सुरू करावी, अंग गरम झाले की १०० ते ११०, आणि शेवटच्या चढत्या फेरीत काही मिनिटे १२० पर्यंत. त्यापुढे वाकून सरळ व्हायला वेळच उरत नाही. गाणी १३० च्या घरात असली की पथक आपोआप एकचा वाक सोडून देते आणि चारही आवाज छातीसमोर वाजवू लागते. लांबून ते जोरकस दिसते, पण आतली मेहनत गेलेली असते. शिवाय हलगीवाला पथकाकडे पाहत वाजवतो. चौकात गर्दी थबकली, मागची रांग चुकली, कोणाचा फेटा सुटला, तर तो ठेका लांबवतो, एक आवर्तन जास्तीचे देतो. गाण्याची फीत कोणासाठी थांबत नाही.

हलगी कुठे ठेवायची यातही बहुतेक मंडळे चुकतात. ती सगळ्यात पुढे, मूर्तीच्या ट्रॅक्टरला खेटून किंवा थेट ट्रॅक्टरवर असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. पथक ७० मीटर लांब पसरले तर शेवटच्या रांगेला ठोका पाव सेकंदापेक्षा थोडाच कमी उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अंतर अर्ध्या सेकंदाचे. म्हणजे शेवटची रांग जवळजवळ अर्धा ठोका मागे पडणारच. लेझीम प्रमुख तिच्यावर ओरडतो आणि ती रांग मग पुढच्यांचे हात पाहून खेळायला लागते, त्याने गोंधळ वाढतो, कारण डोळ्याला एक दिसते आणि कानाला दुसरे ऐकू येते. उपाय साधा आहे. हलगी पथकाच्या मधोमध घ्या, पुढे-मागे ३० मीटरपेक्षा जास्त पथक ठेवू नका, त्याहून मोठे असेल तर दोन तुकड्या करून प्रत्येकीला स्वतंत्र हलगी द्या आणि मधे चांगले मोकळे अंतर ठेवा. शिट्टी फक्त डाव बदलण्यासाठी. ठेका शिट्टीने देऊ नये.

एका तुकडीला दोन हलग्या आणि एक ढोल पुरतो. कातडी हलगी ऐन भाद्रपदात पावसाच्या दमट हवेने उतरते, ठोका बसका लागतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर शेकायला जागा आणि रद्दीचा जाळ लागतो. त्याची सोय मंडळाने करायची. फायबरची हलगी शेकावी लागत नाही, पण तिचा आवाज पातळ आणि टोचणारा. पाऊस लागला तर ती जवळ असू द्या, एरवी कातडीच बरी.

लेझीम खरेदीचे बोलू. मोठ्यांची लेझीम एक किलोच्या आसपास असावी, दहा-बारा वर्षांच्या मुलांची साधारण निम्म्या वजनाची. बाजारात स्वस्त पडते म्हणून पातळ पत्र्याच्या चकत्यांची हलकी लेझीम शेकड्याने घेतली जाते. तिला ताणच बसत नाही, त्यामुळे ठोका येत नाही, आणि ठोका येत नाही म्हणून पोरे जास्त जोराने हिसकतात. मग दांड्याच्या टोकाचा आकडा उघडतो. सुटलेली साखळी शेजारच्याच्या तोंडावर बसते. मिरवणुकीतल्या जखमांत ही सगळ्यात टाळता येण्याजोगी. निघण्याआधी प्रत्येक लेझीम दोन्ही हातांनी तीन-चार वेळा जोरात ताणून पाहावी, उघडलेला आकडा पकडीने आवळावा, दांड्याला उभी भेग असेल तर ती लेझीम बाजूला काढावी, चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. मूठ घामाने निसटते, तिथे सुती पट्टी बांधावी. उत्सव झाला की लेझमी पोत्यात कोंबून मंडपाच्या सामानात टाकतात, पुढच्या वर्षी साखळ्या गुंतलेल्या आणि चकत्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. खिळ्यांवर टांगा, वर्षातून दोनदा तेलाचा बोळा फिरवा. बस.

रांगांचे गणितही आधी करायला हवे. हात पसरून, लेझीम उघडून माणसाला आडवे पाच ते सहा फूट आणि पुढे-मागे किमान सहा फूट लागतात. फलांग असेल तर पुढे-मागे आठ. २४ फुटी रस्त्यावर चार उभ्या रांगा, जास्त नाही. टिळक चौकात सहा रांगांनी आलेले पथक मधला मारुतीकडे वळले की दोन रांगा दुकानांच्या पायऱ्यांवर चढतात आणि लोक घाबरून मागे सरकतात. दोरी तिथेच लागते, असे कार्यकर्ते सांगतात. खरे तर तिथे चारच रांगा लागतात. अरुंद रस्ता यायच्या आधी चार आवाजावर येऊन रांगा एकात एक घ्याव्यात. वळणावर आतली रांग ‘एक जगह’ खेळते, बाहेरची लांब पावले टाकते, वळण पुरे झाल्याशिवाय फलांगाचा डाव लावायचा नाही. गुलाल पडलेला ओला डांबरी रस्ता फार घसरतो. चामडी तळाच्या चपला बंद; जुने, पकड असलेले बूट बरे. काष्ट्याची नऊवारी वाकायला सोयीची असते, टाचण्यांनी उभा केलेला तयार फेटा मात्र पहिल्याच वाकण्यात डोळ्यांवर येतो.

आणि सराव. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, पेलत निघतात, त्यांच्या पेलण्याचा सराव संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून रात्री रस्त्यांवर चाललेला या शहराने पाहिला आहे. नंदीध्वज आठ दिवसांत पेलता येईल असे कोणी म्हणणार नाही. लेझमीला मात्र आठवडा पुरेल असे गृहीत धरतात. तीन आठवडे, रोज एक तास, असे धरा. पहिले चार दिवस लेझीम हातात द्यायची नाही. टाळीवर चार ठोके आणि वाकणे. पहिला आठवडा संपेपर्यंत चार आवाज आणि एक जगह, ८० च्या गतीने, कंटाळा येईपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात दो रुख आणि आदि लगाव, मग आगे-पीछे फलांग. मोर चाल शेवटच्या आठवड्यात आणि ज्यांची पावले पक्की आहेत त्यांनाच. हलगीवाले निदान शेवटच्या आठवड्यात रोज हजर हवेत आणि त्या दिवसांचे मानधन वेगळे धरा. मोबाईलवर ठोका लावून सराव केलेले पथक मिरवणुकीत हलगी पहिल्यांदा ऐकते तेव्हा पहिली दहा मिनिटे काय होते, ते तुम्हीही पाहिले असेल.

आमची मागणी मोठी नाही. दोरी पुढे आणि दोन्ही बाजूंना ठेवायची तर ठेवा. फलांगाच्या रांगांजवळ लहान पोर येऊ नये हे आम्हालाही पटते. पण मागची बाजू उघडी ठेवा. शेवटच्या दोन आडव्या रांगा लोकांसाठी. त्यांच्यासाठी २० जादा लेझमी हातगाडीवर, दर पाच नवख्यांमागे एक जाणता खेळाडू, आणि त्या रांगांत फक्त चार आवाज, एक जगह आणि दो रुख. प्रत्येक डावानंतर आठ आवर्तने चार आवाजाची, म्हणजे आत यायला आणि बाहेर पडायला जागा राहते. प्यायलेल्याच्या हातात लेझीम द्यायची नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. दहा वर्षांखालच्या मुलांना लेझीम न देता मधे हलगीजवळ टाळीवर घ्या. बायका कडेला उभ्या राहून पावलांनी ठेका धरताना दिसतात. त्यांना आत बोलवायला पथकातल्या मुलींनीच पुढे व्हावे, निवेदकाने माइकवरून नाही.

पहिल्या वर्षी या दोन रांगा विस्कळीत दिसतील. परीक्षकांसमोर गुण जातील, तेव्हा बक्षिसाच्या चौकापुरत्या त्या तुकडीपासून अंतरावर ठेवा. परीक्षणाच्या तक्त्यात ‘लोकसहभाग’ असा रकाना घालता आला तर मध्यवर्ती मंडळांनी तो जरूर घालावा. पोशाखाला गुण देता येतात तर यालाही देता येतील.

खरेदीआधी लेझीम पारखून हवी असेल, रांगा आखून हव्या असतील किंवा जाणते खेळाडू कमी पडत असतील, तर तुमच्या पेठेतल्या जुन्या तालमीत विचारा. आमच्यापैकी कोणी ना कोणी संध्याकाळी तिथे असतोच. फक्त बैठकीत हा विषय फेट्यांच्या आधी घ्या.

आपले,
लेझीम शिकवणारे काही जण
सोलापूर